थकलेलं कर्ज आणि अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स: फेडावं, तडजोड करावी, दिवाळखोरी घ्यावी की वाट पाहावी?

सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणजे अमेरिकन सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी. त्यासाठी एसएफ-८६ हा फॉर्म भरायला बसलेला आपला माणूस आधी अठरा, एकोणीस आणि वीस या विभागांना घाबरतो. पुण्यातले आईवडील, नाशिकचा भाऊ, कोथरूडचा फ्लॅट, तिथल्या बँकेतल्या ठेवी. हे सगळं लिहिलं तर क्लिअरन्स कसा मिळणार, असं इथे नॉर्दर्न व्हर्जिनियात मला अनेकांनी विचारलं आहे. ही काळजी निराधार नाही. पण माणसं खरी अडकतात ती सव्विसाव्या विभागात, म्हणजे पैशांच्या इतिहासात. संरक्षण खात्याच्या कंत्राटदार कंपन्यांमधल्या लोकांची प्रकरणं डिफेन्स ऑफिस ऑफ हिअरिंग्ज अँड अपील्स या कार्यालयात चालतात. सगळे त्याला 'डोहा' म्हणतात. तिथले निकाल अर्जदाराचं नाव काढून जाहीर केलेले असतात. ते वाचायला घेतले की थकलेली क्रेडिट कार्डं, न भरलेला टॅक्स आणि वसुलीला गेलेली बिलं हेच पुन्हा पुन्हा समोर येतं.

मी वकील नाही. हे निकाल मी बरेच वाचले आहेत आणि ओळखीतल्या काही जणांना या वाटेवरून जाताना जवळून पाहिलं आहे. ज्यांच्या डोक्यावर थकबाकी आहे, हातात क्लिअरन्स लागणारी नोकरी आहे आणि आता नेमकं काय करावं हे ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण पुढची सगळी तुलना तिच्यावर उभी आहे. एकाच कर्जाकडे बँक एका नजरेने बघते आणि क्लिअरन्सचा निर्णय घेणारा अधिकारी दुसऱ्या. क्रेडिट स्कोअर सुधारण्यासाठी लोक जे सल्ले देतात, त्यातले काही इथे सरळ उलटे पडतात.

आकडा किती, हा प्रश्न आधी सोडून द्या

'किती डॉलरच्या वर कर्ज असलं की नाकारतात?' याचं उत्तर नियमांत नाही. सध्या लागू असलेली मार्गदर्शक तत्त्वं 'सीड-४' नावाच्या आदेशात आहेत. ती ८ जून २०१७ पासून लागू झाली. 'ए'पासून 'एम'पर्यंत तेरा तत्त्वं आहेत आणि पैशांचं तत्त्व 'एफ'. त्यात कुठेही रक्कम दिलेली नाही, क्रेडिट स्कोअरचाही उल्लेख नाही. विचारलेलं आहे ते असं: फेडायची ऐपत नव्हती की इच्छा नव्हती? कमाईपेक्षा जास्त खर्च करायची सवय आहे का? टॅक्स रिटर्न भरली का? जुगार आहे का? आणि दुसऱ्या बाजूने, बोजा हलका करणाऱ्या गोष्टी: नोकरी जाणं, धंदा बसणं, आजारपण, मृत्यू, घटस्फोट, ओळखचोरी यांसारखं हाताबाहेरचं कारण होतं का आणि त्या काळातही तुम्ही जबाबदारीने वागलात का, विश्वासार्ह ठिकाणी आर्थिक समुपदेशन घेतलंत का, प्रामाणिकपणे फेड सुरू करून ती चालू ठेवलीत का, कर्जच मान्य नसेल तर त्याला कागदोपत्री आधार आहे का.

यामागची भीती दोन प्रकारची आहे. पहिली सगळ्यांना माहीत असते, कर्जात बुडालेला माणूस गुपितं विकेल ही. रोनाल्ड पेल्टन हा एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा विश्लेषक १९७९मध्ये आर्थिक दिवाळं निघालेल्या अवस्थेत नोकरी सोडून गेला आणि जानेवारी १९८०मध्ये वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत गुपितं विकायला जाऊन उभा राहिला. त्याला मिळाले एकूण ३५ हजार डॉलर, आणि १९८६मध्ये जन्मठेप. सीआयएच्या ऑल्ड्रिच एम्सने १९८५मध्ये सोव्हिएतांसाठी हेरगिरीला सुरुवात केली तेव्हा त्याच्याही मागे घटस्फोट आणि कर्ज होतं. पण निकाल वाचताना जाणवतं की रोजच्या प्रकरणांत दुसरी भीती जास्त काम करते. जो माणूस सही करून दिलेला शब्द सोयीनुसार बाजूला ठेवतो, तो गोपनीय कागद हाताळायचे कंटाळवाणे नियम कोणी बघत नसताना पाळेल का? म्हणून हेरगिरीचा विचारही मनात न आलेला, साधा, कुटुंबवत्सल माणूससुद्धा या तत्त्वाखाली अडकतो, आणि त्याला वाटतं आपल्याला देशद्रोही म्हणताहेत. तसं कोणी म्हणत नसतं.

तुलना हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण मनाशी धरू. समजा, व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये राहणारा एक जण. अमेरिकेचं नागरिकत्व मिळालेलं आहे. त्याशिवाय क्लिअरन्सचा विषयच निघत नाही. दोन वर्षांपूर्वी लेऑफमध्ये नोकरी गेली, आठ महिने घरी बसला. तीन क्रेडिट कार्डांवरचे २४ हजार डॉलर बँकांनी 'चार्ज-ऑफ' केले, म्हणजे वह्यांत बुडीत दाखवले. हॉस्पिटलचं सहा हजारांचं बिल वसुली एजन्सीकडे गेलं. एका वर्षीचा पाच हजारांचा टॅक्स भरायचा राहिला. आता चांगली नोकरी आहे, पगार व्यवस्थित येतो, पण त्या जुन्या पाकिटांकडे बघायची हिंमत होत नाही. क्लिअरन्सची नवीन ऑफर आली आहे. याच्यापुढे पाच वाटा आहेत.

एकरकमी फेड

पैसे असतील तर हीच सगळ्यात स्वच्छ वाट. मात्र तारीख महत्त्वाची. फॉर्म भरण्याआधी वर्षभर फेडलेले दहा हजार आणि आक्षेपांची नोटीस आल्यावर दुसऱ्या दिवशी फेडलेले दहा हजार यांचं वजन सारखं नसतं. दुसऱ्या प्रकारात न्यायाधीश सरळ लिहितात की क्लिअरन्स धोक्यात आल्यावरच याला जाग आली. तरीही न फेडण्यापेक्षा ते बरं, एवढंच.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. वडील मुदत ठेव मोडून पैसे पाठवतात, किंवा मेहुणा हातउसने देतो. मदत घ्यायला हरकत नाही, पण पैसे कुठून आले, बक्षीस की उसने, हे एका कागदावर लिहिलेलं आणि बँकेच्या नोंदीत दिसणारं हवं. खात्यात अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा खुलासा देता आला नाही तर 'एफ' तत्त्वात त्याचंही वेगळं कलम आहे. ४०१(के) हे निवृत्तीसाठीचं बचत खातं रिकामं करून सगळं फेडण्याचा मोहही आवरा. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलं तर टॅक्सशिवाय काढलेल्या रकमेवर साधारणपणे दहा टक्के दंड बसतो, आणि सगळी गंगाजळी संपलेला माणूस पुढच्या एका आजारपणात पुन्हा तिथेच येतो. महिन्याचं अंदाजपत्रक आजही नीट बसतं का, हे सुनावणीत बघतात.

समुपदेशन आणि हप्ते

आपल्या हर्नडनच्या माणसासारख्या, पगार चालू असलेल्या पण एकरकमी पैसे नसलेल्या बहुतेकांसाठी माझ्या मते हीच वाट योग्य. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या क्रेडिट समुपदेशन संस्था असतात. त्यांचा राष्ट्रीय संघ, नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट काउन्सेलिंग, १९५१पासून आहे. समुपदेशक तुमचा जमाखर्च मांडतो, धनकोंशी बोलून व्याज कमी करून घेतो, आणि तुम्ही महिन्याला एकच हप्ता संस्थेकडे भरता. अशी योजना साधारण तीन ते पाच वर्षं चालते.

पैसे तर सगळ्याच वाटांनी जातात. या वाटेचं बळ असं की एकाच पावलात दोन गोष्टी सिद्ध होतात. समुपदेशनाचं कलम लागू होतं आणि प्रामाणिक फेडीचंही. डोहाच्या अपील मंडळाने हे वारंवार स्पष्ट केलं आहे की अर्जदाराने प्रत्येक कर्ज शून्यावर आणलेलंच असावं अशी अपेक्षा नाही. योजना वाजवी हवी आणि तिच्याप्रमाणे पावलं पडलेली दिसायला हवीत. तितक्याच ठामपणे हेही सांगितलं आहे की 'नोकरी लागली की फेडीन' हे आश्वासन म्हणजे फेड नव्हे. सहा-आठ महिन्यांचे वेळेवर गेलेले हप्ते हातात असतील तर बोलायला जागा मिळते. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात सही केलेली योजना असेल तर जवळजवळ काहीच मिळत नाही.

आणि योजना झेपेल अशीच घ्या. महिन्याला नऊशे डॉलरचा हप्ता कबूल करून चौथ्या महिन्यात बंद पडण्यापेक्षा साडेचारशेचा दीड वर्ष न चुकता भरलेला बरा. मोडलेली योजना ही आणखी एक मोडलेली जबाबदारी म्हणून वाचली जाते.

तडजोड

दहा हजारांच्या कर्जाचे चार हजार देऊन खातं मिटवायचं. इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात, त्या वेगळ्या ओळखायला शिका.

पहिली, तुम्ही स्वतः धनकोला फोन करून, लेखी कबुली घेऊन केलेली तडजोड. ती मान्य आहे. कर्ज मिटलं, धनकोचं समाधान झालं, पत्र आहे. पूर्ण फेडीइतकं चांगलं दिसत नाही, तरी वाईटही दिसत नाही, विशेषतः चार्ज-ऑफ होऊन एजन्सीकडे गेलेल्या जुन्या खात्यांच्या बाबतीत.

दुसरी, रेडिओवर आणि फोनवर जाहिरात करणाऱ्या नफेखोर कंपन्यांची 'डेट सेटलमेंट' योजना. त्यांचा पहिलाच सल्ला अनेकदा असा असतो की धनकोंना पैसे देणं थांबवा आणि दरमहा रक्कम आमच्यामार्फत एका खात्यात साठवा. पुरेशी साठली की आम्ही घासाघीस करू. बँकेच्या दृष्टीने यातून कर्ज कमी होईलही. क्लिअरन्सच्या दृष्टीने तुम्ही चालू असलेली खाती स्वतःच्या हाताने थकीत केलीत. एसएफ-८६ विचारतो की गेल्या सात वर्षांत कुठलंही कर्ज १२० दिवसांपेक्षा जास्त थकलं होतं का, आणि आत्ता थकलेलं आहे का. आमच्या ओळखीतल्या एका घराने असंच केलं. थकलेलं एकच कार्ड होतं, कंपनीच्या सल्ल्याने ती चार झाली, आणि फॉर्मवर चार नोंदी लिहाव्या लागल्या. फोनवरून विकलेल्या अशा सेवेसाठी काम होण्याआधी शुल्क घ्यायला फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने २०१०पासून बंदी आहे. आगाऊ पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

तडजोडीची एक शेपटी लोकांच्या लक्षातच येत नाही. माफ झालेली रक्कम ६०० डॉलर किंवा जास्त असेल तर धनको १०९९-सी हा फॉर्म पाठवतो, आणि ती रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. त्या वेळी तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर फॉर्म ९८२ भरून सुटका मागता येते. पण तो कागद ड्रॉवरमध्ये टाकून रिटर्न भरली, तर क्रेडिट कार्डाचं प्रकरण मिटवताना तुम्ही टॅक्सचं प्रकरण जन्माला घातलंत, आणि ते कितीतरी जड.

दिवाळखोरी

आपल्या घरांत 'त्याने हात वर केले' हे वाक्य आवाज खाली आणून बोललं जातं. ती लाज इथे घेऊन येऊ नका. दिवाळखोरी हा अमेरिकेत कायद्याने दिलेला हक्क आहे आणि केवळ ती घेतली म्हणून क्लिअरन्स जात नाही. मात्र तिचे दोन प्रकार एकमेकांपासून बरेच लांब आहेत.

चॅप्टर ७मध्ये साधारण चार महिन्यांत बहुतेक बिनतारणी कर्ज पुसलं जातं. पाटी कोरी होते, घर सावरतं, आणि पुढे पैशांचं नियोजन नीट आहे हे दाखवता येतं. अडचण अशी की डोहाच्या भाषेत हे 'प्रामाणिक फेडीचे प्रयत्न' या कलमात बसत नाही, कारण फेड झालेलीच नाही. मग सगळा भार कारणावर येतो. कर्करोगाच्या उपचारांमुळे किंवा वर्षभराच्या बेकारीमुळे घेतलेली दिवाळखोरी समजून घेतली जाते. क्रूझ, दागिने आणि दोन गाड्या यांनंतरची घेतली जात नाही, आणि दुसऱ्यांदा घेतलेली तर फारच अवघड जाते.

चॅप्टर १३मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली तीन ते पाच वर्षं हप्ते जातात. शिस्त दिसते, नोंद दिसते, म्हणून क्लिअरन्ससाठी ही बाजू उजवी. धोका तोच, मध्येच हप्ते चुकले आणि प्रकरण फेटाळलं गेलं तर हाती काहीच उरत नाही. दोन्ही प्रकारांत अर्ज करण्याआधीच्या १८० दिवसांत समुपदेशन घ्यावंच लागतं. ते सक्तीचं आहे, तेव्हा फक्त तेवढ्या प्रमाणपत्रावर समुपदेशनाच्या कलमाची मोठी आशा ठेवू नका. अलीकडचा टॅक्स, मुलांच्या पोटगीची थकबाकी आणि बहुतेक शैक्षणिक कर्जं यातून सुटत नाहीत, हेही वकिलाकडे जाण्याआधी माहीत असू द्या.

आपल्या उदाहरणातल्या माणसाने हे करावं का? मला वाटतं, नाही. पगार चालू असताना ३५ हजारांसाठी चॅप्टर ७ घेतली तर 'ऐपत असून फेडलं नाही' हा प्रश्न समोर उभा राहतो. हेच कर्ज ९० हजार असतं आणि घरात एकच पगार असता, तर माझं उत्तर वेगळं असतं.

काहीच न करता वाट पाहणं

सगळ्यात जास्त लोक हीच वाट धरतात, बऱ्याचदा न ठरवता. आणि बँकेची नजर व क्लिअरन्सची नजर एकमेकींपासून सर्वांत जास्त दूर जातात त्या इथेच.

क्रेडिट दुरुस्तीचे सल्ले सांगतात: जुन्या कर्जाला हात लावू नका. मेरीलँडमध्ये अशा कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, व्हर्जिनियात लेखी कराराला पाच. थोडे पैसे भरलेत तर काही राज्यांत मुदत नव्याने सुरू होते. सात वर्षांनी नोंद क्रेडिट रिपोर्टवरून आपोआप जाते. स्कोअरपुरतं बोलायचं तर हे सगळं खरं आहे.

डोहाच्या अपील मंडळाची भूमिका याच्या विरुद्ध आहे आणि ती वर्षानुवर्षं बदललेली नाही. दाव्याची मुदत संपली म्हणून पैसे न देणं हा कायद्याने उपलब्ध बचाव आहे, पण तो प्रामाणिक फेडीचा प्रयत्न ठरत नाही. नोंद रिपोर्टवरून गळाली म्हणून कर्ज मिटलं असंही ते मानत नाहीत. 'चार्ज-ऑफ' या शब्दाने तर कितीतरी जणांची फसगत होते. बँकेने आपल्या वह्यांत ती रक्कम बुडीत दाखवली, एवढाच त्याचा अर्थ. तुमचं देणं तसंच राहतं. 'साहेब, बँकेनेच माफ केलं' हे उत्तर सुनावणीत देऊ नका.

खिशाला सगळ्यात स्वस्त वाटणारी ही वाट या एका कामासाठी सगळ्यात महाग आहे.

कोणतं कर्ज आधी

पैसे मर्यादित असतील तर व्याजदर बघून क्रम लावू नका. टॅक्स पहिला, त्यातही न भरलेली रिटर्न सर्वांत आधी, कारण न भरलेल्या पैशांपेक्षा न भरलेली रिटर्न जास्त खुपते. सरकारचा नियम पाळत नाही आणि सरकारचं गुपित सांभाळायला मागतो, असं ते दिसतं. आयआरएस या कर खात्याकडे ५० हजार डॉलरपर्यंतच्या थकबाकीला ऑनलाइन हप्ते बांधून मिळतात, आणि 'एफ' तत्त्वात अशा ठरलेल्या हप्त्यांसाठी स्वतंत्र कलम आहे. हप्ते ठरवा, पाळा, पत्र जपून ठेवा. आपल्यापैकी अनेकांची भारतातल्या बँकांत एनआरई-एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची खाती असतात. सगळ्या परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली असेल तर एफबीएआर हा परदेशी खात्यांचा अहवाल भरावा लागतो, आणि तिकडच्या ठेवींचं व्याज इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. हे राहिलं असेल तर कर सल्लागाराकडे जाऊन आधी ते निस्तरा.

त्यानंतर मुलांच्या पोटगीची थकबाकी आणि फेडरल शैक्षणिक कर्ज. शैक्षणिक कर्ज २७० दिवस थकलं की 'डिफॉल्ट' होतं. दहा महिन्यांत नऊ वेळेवर हप्ते भरून ते पूर्ववत करता येतं, आणि हे नऊ हप्तेच पुढे तुमचा पुरावा होतात. मग क्रेडिट कार्डं. दवाखान्याच्या बिलांकडे त्यामानाने सहानुभूतीने बघतात, कारण आजारपण कोणी निवडत नाही. पाचशे डॉलरच्या आतली वसुलीला गेलेली बिलं एप्रिल २०२३पासून तिन्ही क्रेडिट कंपन्यांनी रिपोर्टवरून काढली आहेत. फॉर्म मात्र तुमच्या रिपोर्टवर काय आहे ते विचारत नाही, काय घडलं ते विचारतो.

हेच वाक्य भारतातल्या कर्जाला लावा. एमएससाठी इथे येताना पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या बँकेकडून घेतलेलं शैक्षणिक कर्ज, त्यावर सहकर्जदार म्हणून वडिलांची सही, आणि इथे आल्यावर दोनचार वर्षांत सुटलेले हप्ते. ते इथल्या क्रेडिट रिपोर्टवर दिसत नाही. प्रश्न मात्र 'कुठलंही कर्ज' असा आहे, अमेरिकेतलं असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. मला हे सगळ्यात नाजूक वाटतं, कारण यात आपलं आर्थिक तत्त्व आणि परदेशी दबावाचं तत्त्व एकमेकांत मिसळतात. बँकेची माणसं वसुलीसाठी म्हाताऱ्या आईवडिलांच्या दारात जात असतील, तर तुमच्यावर दबाव आणायची एक जागा दुसऱ्या देशात तयार झाली आहे. हे कर्ज यादीत फार खाली ठेवू नका. आणि खरं सांगायचं तर त्या आईवडिलांसाठी क्लिअरन्स नसता तरी ते फेडायलाच हवं होतं.

लिहावं की झाकावं

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या रक्तात आहे. नात्यांत ते चालत असेल. या फॉर्मवर ते घातक आहे. कर्ज 'एफ'खाली येतं आणि त्यावर उतारे आहेत. लपवलेलं कर्ज 'ई'खाली, म्हणजे वैयक्तिक वर्तनाच्या तत्त्वाखाली जातं, आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा फेडरल गुन्हा आहे. सहा हजारांचं बिल लिहिलं तर प्रश्न सहा हजारांचा राहतो. नाही लिहिलं तर प्रश्न तुमच्या शब्दाचा होतो. बसण्याआधी इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघांचेही रिपोर्ट काढा. ते फुकट मिळतात. नवराबायकोच्या संयुक्त खात्यांवरचं कर्जही तुमचंच आहे.

क्लिअरन्स आधीच असेल तर 'पुढच्या तपासणीपर्यंत वेळ आहे' हा हिशेब आता मोडला आहे. संरक्षण खात्याचे क्लिअरन्सधारक २०२१च्या ऑक्टोबरपर्यंत सततच्या तपासणीत घेतले गेले. क्रेडिटच्या नोंदी यंत्रणेला आपोआप कळतात. शिवाय 'सीड-३' आदेशानुसार दिवाळखोरी आणि १२० दिवसांवरची थकबाकी तुम्ही स्वतःहून कळवायची असते. कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला ते तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

नोटीस आलीच तर: समोर जावं की लेखी द्यावं

एसओआर नावाचं आक्षेपपत्र आलं की वीस दिवसांत, प्रत्येक आरोपाला 'मान्य' किंवा 'अमान्य' असं उत्तर द्यायचं असतं आणि निवड करायची असते: न्यायाधीशासमोर सुनावणी की कागदांवर निर्णय. कागदांवर निर्णय निवडला तर सरकारी बाजूची फाइल मिळते आणि उत्तराला तीस दिवस असतात. प्रवास नाही, उलटतपासणी नाही, म्हणून संकोची माणसाला ती बरी वाटते. माझं मत स्पष्ट आहे, सुनावणी घ्या. लेऑफनंतरच्या आठ महिन्यांत काय झालं, कुठलं बिल आधी भरलं आणि का, हे कागद सांगत नाही. निव्वळ कागदांवर गेलेल्या प्रकरणांत 'अर्जदाराने पुरेसा तपशील दिला नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की मोजदाद सोडून दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८च्या ईगन निकालापासून हे पक्कं आहे की क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही. शंका उरली तर ती देशाच्या बाजूने सोडवली जाते. शंका दूर करायचं ओझं तुमच्यावर, म्हणून बोलायची संधी सोडू नका. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाची सूचना पंधरा दिवसांत द्यावी लागते, आणि नकार कायम झाला तर वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही.

या शेवटच्या अटीमुळे ऑफरबद्दलचा निर्णयही बदलतो. आपल्या हर्नडनच्या माणसाला आज फॉर्म भरायचा असेल आणि फेडीचा एकही हप्ता गेलेला नसेल, तर मी त्याला कंपनीशी बोलायला सांगेन. क्लिअरन्स न लागणाऱ्या प्रकल्पावर सहा महिने काम मिळतं का, रुजू व्हायची तारीख पुढे जाते का, ते बघावं. नाहीच जमलं तर या आठवड्यात राहिलेली रिटर्न, आयआरएसचे हप्ते आणि समुपदेशकाची पहिली भेट, या क्रमाने कामं उरकून मगच फॉर्मवर सही करावी, आणि सव्विसाव्या विभागातल्या खुलाशाच्या जागेत त्या तिन्ही तारखा लिहाव्यात. चौकशी पूर्ण व्हायला काही महिने जातात. अधिकारी घरी भेटायला येईल तेव्हा दर महिन्याची एक पावती त्या फाइलमध्ये लागलेली असली पाहिजे.